तासाभराच्या वाटेवर : बॅकस मार्शच्या सहली
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशाहून परतलेल्या माणसाला व्यासपीठावर उभे केले की श्रोत्यांच्या काही अपेक्षा असतात. त्या माझ्याकडून पुऱ्या व्हावयाच्या नाहीत, हे आरंभीच सांगून टाकते. मी सहा महिने ऑस्ट्रेलियात राहिले. पण सिडनीचे ऑपेरा हाऊस पाहिले नाही, समुद्रातली प्रवाळांची रांग पाहिली नाही. मी पाहिले ते व्हिक्टोरिया राज्यातले बॅकस मार्श नावाचे एक गाव आणि त्याच्या भोवतालचा, मोटारीने तासाभरात गाठता येईल एवढा मुलूख. तोही बहुतेक रविवारी, बरोबर डबे घेऊन. भूगोलाची शिक्षिका म्हणून तीस वर्षे मुलींच्या सहली नेल्या असल्यामुळे या विषयाची मला खोडच आहे, असे म्हणा.

बॅकस मार्श मेलबर्नच्या पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथून जवळजवळ तेवढेच पुढे गेले की बॅलरॅट, म्हणजे सोन्याच्या खाणींचे शहर लागते. मेलबर्नहून निघाल्यावर प्रथम सपाट, रुक्ष, सदा वारा खाणारे माळरान लागते आणि मग रस्ता एकाएकी खोलगटात उतरतो. खाली हिरवेगार खोरे दिसते. वेरिबी आणि लर्डरडर्ग या दोन नद्या या खोऱ्यात एकत्र येतात. त्यांनी आणून टाकलेल्या गाळावर सफरचंदांच्या बागा, भाजीचे मळे आणि स्ट्रॉबेरीची शेते आहेत. बॅकस नावाचा एक इंग्रज कॅप्टन १८३०च्या दशकाच्या अखेरीस मेंढरे घेऊन येथे आला. त्याचे नाव आणि त्या काळची दलदल मिळून गावाचे नाव झाले. त्याच्या आधी ही जमीन रिकामी होती असे मात्र कोणी समजू नये. वेरिबी नदी ही तेथल्या दोन मूळ लोकसमूहांच्या मुलखांमधली सीमा होती आणि नदीचे नाव त्यांच्याच भाषेतले आहे. त्याचा अर्थ ‘पाठीचा कणा’ असा सांगतात.

माझा मुलगा आणि सून मेलबर्नमध्ये नोकरी करतात. शहरात घर घेणे आवाक्याबाहेरचे, म्हणून २०१६ साली त्यांनी या गावात घर घेतले आणि ते रोज आगगाडीने जाऊ-येऊ लागले. पहिली चार वर्षे त्यांचा एकही रविवार बॅकस मार्शमध्ये गेला नाही. शनिवारी घरकाम, रविवारी मेलबर्नला मराठी मित्रांकडे, भारतीय वाणसामानाच्या दुकानात किंवा एखाद्या सणाच्या कार्यक्रमाला. वर्षाची चार आठवड्यांची रजा एक दिवसही न मोडता भारतात येण्यासाठी राखून ठेवलेली. गाव म्हणजे केवळ रात्री पाठ टेकण्याचे ठिकाण. हे ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःची जबलपुरातली पहिली वर्षे आठवत असतील. गन कॅरेज फॅक्टरीत, रेल्वेत किंवा वीज मंडळात आलेले आपण लोक मे महिना उजाडण्याची वाट पाहात अकरा महिने काढीत होतो. फरक एवढाच की आपल्याला आगगाडीचे तिकीट पुरत असे.

मग २०२० साल आले. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या. पुढे सप्टेंबरात व्हिक्टोरियाच्या ग्रामीण भागावरचे निर्बंध सैल झाले, मेलबर्नवरचे मात्र कायम राहिले. बॅकस मार्श ग्रामीण भागात मोडत असे. शहर आणि ग्रामीण भाग यांच्यामध्ये पोलिसांच्या चौक्या बसल्या. पूर्वेकडे मेलबर्नची वाट बंद आणि भारताची तर बंद होतीच. मोकळे राहिले ते आपले गाव आणि पश्चिमेचे डोंगर. घरात सहा वर्षांची मुलगी कोंडून कंटाळलेली. सहलींचा आरंभ असा झाला. त्यात कोणतीही हौस नव्हती, तो निरुपाय होता. निर्बंध उठल्यावर हे थांबेल असे मला वाटले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी तेथे पोचले तेव्हा सहली थांबल्या नव्हत्या. उलट त्यांचा एक नेमच होऊन बसला होता आणि आठ वर्षांची नात त्याची सूत्रधार होती.

सहलीचा खटाटोप आपल्यासारखाच. आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, भडंग. मात्र तेथल्या सार्वजनिक बागांतून विजेच्या मोठ्या शेगड्या बसविलेल्या असतात. बटण दाबले की तवा तापतो, पैसे पडत नाहीत. आपले झाले की तवा पुसून पुढच्यासाठी स्वच्छ ठेवावयाचा. आधीच्या मंडळींनी त्यावर मांस भाजलेले असते, म्हणून माझी सून प्रथम अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरते आणि त्यावर मक्याची कणसे, रताळी, पनीर भाजते. शेजारच्या कुटुंबाचा तवा आणि आपला तवा यांत हातभराचे अंतर. त्यामुळे ओळख होतेच. आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुरुष व्याख्याते ती सांगत नाहीत. आम्ही गेलो त्या प्रत्येक सहलीच्या जागी स्वच्छ शौचालय होते. मुलींच्या सहली नेलेल्या शिक्षिकेला याचे मोल विचारा.

रानात मात्र अनेक ठिकाणी कचऱ्याची पेटी नसते. नेलेले सारे बांधून घरी आणावयाचे, आंब्याची कोयसुद्धा. टोपीवाचून पाऊल टाकावयाचे नाही, कारण तिकडचे ऊन कातडी जाळणारे. शाळेतसुद्धा टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर खेळू देत नाहीत. उन्हाळ्यात रस्त्याकडेला वणव्याच्या धोक्याची पातळी दाखविणारे फलक असतात. धोका फार वाढला की त्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटविणे गुन्हा ठरतो आणि शहाणी माणसे रानाकडे फिरकत नाहीत. संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी डबे भरून झाल्यावर असाच इशारा आला. आम्ही दिवाणखान्यात चादर अंथरून त्याच पुऱ्या खाल्ल्या. नातीने टोपी काही काढली नाही.

आता प्रत्यक्ष ठिकाणांविषयी. सर्वांत जवळची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची जागा म्हणजे वेरिबीची घळ. गावापासून दहा-बारा मिनिटांची वाट. येथे नदीने डोंगर खोल चिरला आहे. पुरी प्रदक्षिणा सुमारे दहा किलोमीटरची, ती तरुणांसाठी. माझ्यासारखीने नदीकाठाने जावे. ही वाट एका जुन्या कालव्याच्या कडेने जाते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस गावाला पाणी नेण्यासाठी तो बांधला होता. आता त्याचे अवशेष उरले आहेत. एका ठिकाणी वाट संपते आणि उभा खडक लागतो. तेथे लोखंडी दोर ठोकला आहे, तो धरून पुढे सरकावयाचे. मी पदर खोचला आणि सरकले. पलीकडे वाळूचा छोटासा काठ आणि शांत डोह आहे. मुले तेथे पोहतात.

पण मला खिळवून ठेवले ते घळीतल्या दगडांनी. बारीक मातीच्या खडकात मध्येच मूठभर, डोक्याएवढे, कधी त्याहून मोठे परके धोंडे रुतलेले दिसतात. आसपासच्या खडकाशी त्यांचे नाते नाही. हे धोंडे हिमनद्यांनी वाहून आणले आणि बर्फ वितळताच तेथे टाकले, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी. काही खडकांवर बर्फाच्या घासण्याने पडलेले ओरखडे आजही दिसतात. आता ऐका. असेच धोंडे आपल्या ओडिशातल्या तालचेरला आहेत आणि ते हिमनदीचे असावेत हे भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ साली मांडले होते. बॅकस मार्शच्या वालुकाश्मात गँगॅमॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडले. तशीच पाने आपल्या कोळशाच्या थरांजवळही सापडतात. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका ही एकच भूमी होती, या सिद्धान्ताला आधार देणारे हे पुरावे. त्या एकत्र भूमीला जगभर काय म्हणतात? गोंडवन. हे नाव कोठून गेले? येथून. गोंडांच्या या मुलखावरून मेडलिकॉट यांनी १८७२ साली ते खडकांना दिले आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस यांनी साऱ्या खंडाला लावले. मदनमहालाच्या टेकडीखाली राहणारी आजी दहा हजार किलोमीटर दूर जाऊन एका घळीत उभी राहते आणि तेथल्या दगडाची जात आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या राज्यावरून ओळखली जाते! मी हे नातीला सांगितले. तिने एक धोंडा थोपटला आणि विचारले, “आजी, म्हणजे हा तुझ्याकडचा आहे का?” मी म्हटले, “तुझ्या-माझ्या दोघींकडचा.” शास्त्रीय दृष्ट्या हे उत्तर फारसे चुकीचे नाही.

लर्डरडर्गची घळ गावाच्या उत्तरेस. ती अधिक खोल, अधिक रानटी. तिच्या तोंडाशी मॅकेन्झीज फ्लॅट म्हणून सपाट कुरण आहे. संध्याकाळी तेथे कांगारू चरावयास येतात. ते प्रथम पाहताना जे वाटते ते पाचव्यांदा पाहताना वाटत नाही. गाईगुरांसारखे होऊन जाते. कुकाबरा पक्ष्याचे खदाखदा हसणे मात्र सहा महिन्यांत सवयीचे झाले नाही. वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिकडचे मॅगपाय पक्षी घरट्याच्या काळजीने माणसाच्या डोक्यावर झेप घेतात, म्हणून सायकलवाले शिरस्त्राणावर काटेरी पट्ट्या उभारून फिरतात. ती गंमत माझ्या येण्याआधी सरली होती. उत्तरेकडे आणखी गेले की ब्लॅकवूड, आणि पुढे हेपबर्न स्प्रिंग्ज. या भागात जमिनीतून खनिजयुक्त, बुडबुड्यांचे पाणी निघते. हातपंप दाबावयाचा आणि बाटली भरावयाची. चव लोखंडाच्या किल्लीसारखी. सोन्याच्या हव्यासाने खोदकाम करणाऱ्यांपासून हे झरे वाचवावेत म्हणून हेपबर्नच्या रहिवाशांनी आग्रह धरला आणि १८६५ साली ती जागा राखीव झाली. घरी आणलेल्या त्या पाण्यात सुनेने भज्यांचे पीठ भिजविले. भजी उत्तम फुलली.

हंगाम उलटे असल्याने सणांची गंमत होते. दिवाळी वसंतात, संक्रांत ऐन उकाड्यात. नाताळाच्या सुमारास चेरी, त्या आधीपासून स्ट्रॉबेरी. शेतावर जाऊन स्वतः तोडावयाची, वजन करून पैसे द्यावयाचे. मुले तोडता तोडता किती खातात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. झाडांचा रंग पाहावयाचा तर एप्रिलअखेर. गावात शिरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एल्म वृक्षांची घनदाट रांग आहे, तिला ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ ऑनर’ म्हणतात. १० ऑगस्ट १९१८ रोजी, महायुद्ध अजून चालू असताना, गावकऱ्यांनी ही २८१ झाडे लावली. या भागातून जो जो सैन्यात गेला त्याच्या नावाचे एक झाड. परतलेल्याचे आणि न परतलेल्याचे वेगळे नाही. प्रत्येकापाशी नावाची पाटी आहे. २०२३ साली अक्षय्य तृतीया २२ एप्रिलला होती आणि २५ एप्रिलला तिकडचा अ‍ॅन्झॅक दिन, गॅलिपोलीच्या लढाईच्या स्मृतीचा. त्या दोन दिवसांमधल्या रविवारी आम्ही पिवळ्या पानांतून चाललो. नात एकेक नाव मोठ्याने वाचीत होती. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले पहिल्या महायुद्धाचे स्मारक मी लहानपणी पाहिले आहे. गॅलिपोलीत ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या बाजूला हिंदुस्थानी डोंगरी तोफखाना होता, खेचरांवर रसद नेणारे आपले लोक होते, हे मी तिला सांगितले. तिने शाळेत ते सांगितले म्हणे. बाईंनी पुढे काय विचारले ते कळले नाही.

बॅलरॅट पश्चिमेस, फ्रीवेने पाऊण तासावर. तेथले सॉव्हरिन हिल हे जुन्या खाणवस्तीचे पुन्हा उभारलेले गाव १९७०च्या नोव्हेंबरात सुरू झाले. ओढ्यात पाटी बुडवून रेती घोळली तर सोन्याचा कण सापडतो आणि सापडला तो आपला. तिकीट महाग असल्याने ही सहल वर्षातून एकदाच. १८५८ साली याच शहरात जवळजवळ ६९ किलो वजनाचा सोन्याचा गोळा निघाला. आम्हांला तासाभरात मिळाला तो कण भिंगाखालीच दिसणारा. तो बाटलीत घालून दिवाणखान्यात ठेवला आहे. मुले सोने पाहतात, मोठ्यांनी युरेका पाहावे. खणण्याच्या परवान्याच्या जुलमी शुल्काविरुद्ध खाणकामगारांनी तेथे लाकडी कोट उभारला. ३ डिसेंबर १८५४ रोजी पहाटे सरकारी फौजेने तो मोडला, वीसहून अधिक खाणकामगार मेले. पुढे राजद्रोहाचे खटले झाले ते ज्यूरीने सोडून दिले. त्याच खाणींवर चिनी लोकही होते. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसविला. तेव्हा ते शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरले आणि तेथून शेकडो मैल पायी चालत खाणींवर आले. माझा मुलगा ही हकीगत प्रत्येक पाहुण्याला सांगतो. का सांगतो, ते मी विचारले नाही.

आता जे सांगावे की नाही याचा मी विचार करीत होते ते सांगते. या सहलींची किंमत आहे आणि तिच्यातला काही भाग मी भरते. पूर्वी दर वर्षी येणारी मुले आता दोन वर्षांआड येतात. चार आठवड्यांची रजा जपून ठेवण्याऐवजी त्यातला एक आठवडा तंबू घेऊन तिकडेच जातो. मला हे लागले. सुनेला मी एके दिवशी तसे बोलले. ती म्हणाली, “आई, तिला वर्षातले अकरा महिने नुसती वाट बघत राहायला लावायचं का?” मी गप्प बसले. तिच्या बोलण्यात आगळीक नव्हती.

माझे माहेर वाई. लग्न होऊन मी जबलपुरास आले. मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही वाईला गेलो होतो. घाटावर बसून त्याने कृष्णेकडे पाहिले आणि म्हटले, “आपली नदी हिच्यापेक्षा खूप मोठी आहे.” भेडाघाटची नाव, तिलवाराघाटावरच्या मंडळाच्या सहली, धुवांधारचे तुषार हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे होते. माझी आई काही बोलली नाही. तिने त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली. परवा वेरिबीच्या काठी दोर धरून मी खडक ओलांडला तेव्हा नात पलीकडून ओरडली, “आजी, आपल्या नदीत पाय बुडव!” मी बुडविले. पाणी थंडगार होते.

तिला कडुलिंब आणि पळस ओळखता येत नाहीत. निलगिरीच्या चार जाती सालीवरून सांगते. याचे दुःख करावे की कौतुक, यावर आमच्या घरी एकमत नाही. तिचे आजोबा पहिल्या बाजूचे आहेत. मी दुसऱ्या बाजूकडे झुकते आणि त्याला कारण आहे. गेली पन्नास वर्षे आपले मंडळ दर हिवाळ्यात सहल काढीत आले आहे. तिचा हिशेब गणेशोत्सवाच्या हिशेबाखाली दोन ओळींत असतो आणि सर्वसाधारण सभेत त्याविषयी प्रश्न येतो तो बसच्या भाड्याचा. तरीही माझ्या मुलाने तिकडे जाऊन चालू ठेवले ते त्या दोन ओळींतलेच. डब्यांचा मेनूसुद्धा बदललेला नाही.

येत्या डिसेंबरात ती मंडळी येत आहेत. नातीने यादी पाठविली आहे. लमेटा घाटाचे खडक तिला पाहावयाचे आहेत, कारण भारतातले डायनोसॉरचे पहिले अवशेष १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना जबलपुरातच सापडले, हे तिने वाचले आहे. मदनमहालाजवळचा, एका दगडावर तोललेला दगडही पाहावयाचा आहे. तो १९९७च्या भूकंपात का पडला नाही, असे तिने विचारले आहे. आणि नर्मदेत नाव. कार्यवाहांना माझी विनंती आहे की यंदाची सहल डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी ठेवावी. आमची नावे पाच. पुऱ्या मी आणीन.